चालणाऱ्याच्या पायाशी उजेड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून इतक्या आठवणी निघाल्या की आता कुणी काही नवं सांगू लागला तर तुम्ही त्याला खाली बसवाल, अशी भीती वाटते. त्यात माझ्या आणि जेवणाच्या मधे फक्त आभारप्रदर्शन आहे. तरी संयोजकांनी पंधरा मिनिटं दिली आहेत आणि ‘तुझ्या कामाविषयी बोल’ असं सांगितलं आहे, म्हणून बोलतो.

माझं काम रस्त्यावरच्या दिव्यांचं. खांब किती उंच असावा, दोन खांबांत अंतर किती ठेवावं, दिव्याचं तोंड कुठं असावं आणि त्याचा रंग कसा असावा, हे ठरवायचं. लोक विचारतात, यात इंजिनिअरचं काय काम? खांब रोवा, दिवा टांगा, बटन दाबा. आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे, आणि त्याला निमित्तही तसंच आहे. गेला महिनाभर आपल्या ग्रुपवर चर्चा चालू आहे की आपल्या तुकडीनं शाळेला भेट म्हणून फाटकासमोर एक हायमास्ट उभारावा. बहुतेकांनी अंगठे दाखवले आहेत, वर्गणीही जमते आहे. माझं मत वेगळं आहे. ग्रुपवर दोन ओळींत लिहिलं असतं तर ‘हा दरवेळी फाटे फोडतो’ असं झालं असतं. म्हणून इथं, गुरुजनांच्या साक्षीनं सगळं सविस्तर मांडतो. मग तुम्ही ठरवाल ते मला मान्य.

आधी एक साधा प्रश्न. आपल्या धारूरमध्ये अंधार पडल्यावर पायी कोण चालतं?

ज्याच्याकडे गाडी आहे त्याचा दिवा गाडीलाच असतो. पायी चालतात शिकवणीहून परतणाऱ्या मुली, देवळात जाणाऱ्या आज्या, बसस्थानकावर शेवटच्या एसटीतून उतरलेली माणसं, दवाखान्यातून येणारे, पहाटे दुधाला निघालेले. आणि आपल्या तालुक्याची एक गोष्ट निराळी आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात. ट्रक-ट्रॅक्टर भरतात ते बहुतेक रात्री किंवा पहाटे. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू घेऊन बाया अंधारात उभ्या असतात. कोयते गेले की वाड्या-तांड्यांवर मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. तेच दिवस हिवाळ्याचे. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे रात्र सर्वांत मोठी असते, तेव्हा आपल्याकडे रस्त्यावर चालणारा माणूस एक तर साठीच्या पुढचा असतो, नाही तर दहा-बारा वर्षांचा.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. माणसाचा डोळा वयाप्रमाणं बदलतो. बाहुली आखडते, भिंग पिवळट आणि धुरकट होतं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा उजेड हा विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. आपल्या वयाच्या सगळ्यांना हे आता मोबाइलवरची अक्षरं वाचताना कळतंच आहे. शिवाय लख्ख उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्याला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हातारपणी त्याहून जास्त. समोरून प्रखर दिवा आला की म्हाताऱ्या डोळ्यात तो पसरतो आणि पुढचा खड्डा त्यात बुडून जातो.

आता हायमास्टकडे या. बारा ते सोळा मीटरचा खांब, वर गोल कडं, कड्याला सहा-आठ मोठे फोकस. कुठल्याही गावच्या चौकात गेलात की तो दिसतो, आणि खाली कुणाच्या निधीतून उभा राहिला त्याची पाटी. त्याचं आकर्षण मला समजतं. बटन दाबलं की चौकात दिवस उजाडतो, फोटो चांगला येतो. मोठं बसस्थानक, मालमोटारींचा तळ, टोलनाका अशा मोकळ्या मैदानाला तो उपयोगीही आहे. पण शाळेच्या फाटकापासून बसस्थानकाच्या रस्त्यापर्यंत पोरींना जी वाट चालायची आहे, तिला तो काय देतो?

आपल्या शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकवलेला नियम आठवा. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. तोच दिवा पाच मीटरवरून सोळा मीटरवर नेला तर त्याच्या खाली जमिनीवर उजेड दहा पटींनी कमी पडतो. तो भरून काढायला वर दहा पट ताकदीचे फोकस लावावे लागतात. ते लांबवर फेकता यावेत म्हणून तिरके लावतात. तिरके लावले की ते थेट चालणाऱ्याच्या डोळ्यात जातात, समोरच्या घराच्या खिडकीत जातात आणि उरलेले आभाळात. मधे कडुलिंबाचं झाड आलं की झाडाखाली काळोख. आणि चौकातून गल्लीत वळलेल्या माणसाला पहिली दोन-चार मिनिटं काहीच दिसत नाही, कारण डोळा चौकातल्या उजेडाला सरावलेला असतो. चौक जितका जास्त उजळ, तितकी शेजारची गल्ली जास्त अंधारी. गल्ली तीच, तेवढीच, पण डोळ्यासाठी ती अधिक काळी होते.

म्हणून आमच्या धंद्यात ‘उजेड किती’ एवढंच मोजत नाहीत, तो ‘सारखा किती’ हेही मोजतात. उजेड मोजायचं एकक लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सचा जेमतेम चौथाई हिस्सा असतो आणि तरी तुम्ही-आम्ही शेताच्या बांधावरून चालत आलो आहोत, कारण चांदणं सगळीकडे सारखं पडतं. रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक १९४४. त्यात मोठ्या वेगवान रस्त्यांना सरासरी ३० लक्स सांगितले आहेत, आणि वस्तीतल्या दुय्यम रस्त्यांना वर्दळीप्रमाणं ८ किंवा ४. फक्त आठ आणि चार! पण त्याचबरोबर अट अशी की सर्वांत अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या फार खाली जाता कामा नये. परवा रात्री मी मीटर घेऊन आपल्या शाळेच्या वाटेनं चाललो. खांबाखाली आकडा चढतो, दोन खांबांच्या मधे जवळजवळ शून्यावर येतो, आणि नाली नेमकी त्या शून्यापाशी उघडी आहे.

दुसरी गोष्ट, चालणाऱ्याला फक्त जमीन दिसून भागत नाही. समोरून येणारा माणूस ओळखीचा की अनोळखी, त्याचा चेहरा कसा आहे, हे त्याला थोडं आधी कळायला हवं. साधारण चार मीटरवरून चेहरा ओळखू आला पाहिजे, म्हणजे बाजूला व्हायला किंवा परत फिरायला वेळ मिळतो. दिवा फार उंचावर थेट डोक्यावर असला की कपाळ उजळतं आणि डोळे-तोंड सावलीत जातात. खांब बुटके, चार-पाच मीटरचे असले आणि जवळजवळ असले, की एका दिव्याचा उजेड पुढच्या दिव्याखालच्या माणसाच्या चेहऱ्यावर बाजूनं पडतो. बायकांना रस्ता सुरक्षित वाटणं न वाटणं बऱ्याच अंशी यावर ठरतं. वर्गातल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

हे शहाणपण नवं नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे दरवाजे आठवा. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत देवळी, तीत पणती. उंची साधारण माणसाच्या छातीची. आलेल्याचा चेहराही दिसतो आणि उंबराही. देवळापुढची दीपमाळ बघा. एकच मोठा जाळ वर पेटवण्याऐवजी खालपासून वरपर्यंत लहान लहान दिवे ठेवायची सोय तिथं दगडातच केली आहे. तेल जपून वापरायचं होतं, म्हणून पूर्वजांनी दिवा जिथं हवा तिथं नेऊन ठेवला. १८६५ साली मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे आले, तेव्हा दिवे पेटवणाऱ्यामागं लोकांची गर्दी चालत गेली, असं नोंदलेलं आहे. तेही दिवे लहान, बुटक्या खांबांवरचे. रस्त्यावरचा दिवा मोटारीसाठी उंच चढला तो पुढं, आणि तेव्हापासून पायी चालणारा हिशेबातून हळूहळू सुटत गेला.

या सुटण्याची किंमत साधी नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. केंद्र सरकारचाच हा आकडा. जवळजवळ पाचातला एक. हे सगळे अंधारामुळं गेले असं मी म्हणत नाही. पण खामगाव-पंढरपूर हा राष्ट्रीय महामार्ग आपल्या गावातून जातो, घाटातून चढून आलेली वाहनं वस्तीत शिरतात, आणि चालकाला रस्त्याच्या कडेचा माणूस उशिरा दिसला तर काय होतं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वस्ती जिथं सुरू होते आणि माणसं जिथं रस्ता ओलांडतात, तिथं दिवा नेमका हवा. ओलांडण्याच्या जागेच्या थोडा अलीकडे, येणाऱ्या वाहनाच्या बाजूला, म्हणजे उजेड माणसाच्या अंगावर पडतो आणि चालकाला तो उजळलेला दिसतो. दिवा माणसाच्या पलीकडे असला तर चालकाला नुसती काळी आकृती दिसते.

आता रंगाचं. २०१५ च्या सुमारास मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले. लोक चिडले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि पुढं तिथं पुन्हा पिवळसर छटेचे दिवे लावण्यात आले. अनेकांना तेव्हा वाटलं, हा श्रीमंत मुंबईकरांचा हट्ट आहे. मला तसं वाटत नाही. वीज वाचवायला एलईडी हवाच. केंद्राच्या योजनेतून २०१५ पासून देशभर एक कोटीहून जास्त पथदिवे बदलले गेले, बिलं उतरली, हे चांगलंच झालं. पण एलईडी म्हणजे निळसर पांढराच असं कुठं आहे? पिवळसर एलईडीही मिळतो. निळसर उजेड डोळ्यात जास्त पसरतो, म्हाताऱ्यांना जास्त दिपवतो, झोपेवर परिणाम करतो आणि पावसाळ्यात किडेही जास्त बोलावतो. दुकानात दिवा घेताना खोक्यावर ३००० के असा आकडा बघा. तो पिवळसर उबदार उजेड. ५७००, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. वस्तीत, शाळेजवळ, दवाखान्याजवळ ३००० पुरे.

आणि आभाळाचं काय? बालाघाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या आपल्याला आभाळ फुकट मिळालं. आदिलशाहीतल्या किश्वरखानानं सोळाव्या शतकात हा किल्ला बांधला तेव्हा जे तारे दिसत होते, तेच आपण लहानपणी अंगणात बाजेवर पडून मोजले. आज आपल्या नातवंडांना सप्तर्षी दाखवायला गाव सोडून लांब जावं लागतं. यावर आपल्याच महाराष्ट्रात उपाय झाला आहे. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा जवळच्या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलले आणि त्यांचं तोंड जमिनीकडे केलं. गावं अंधारात ढकलली नाहीत. उजेड वर वाया जात होता, तो खाली आणला. रस्ताही दिसतो आणि ताराही दिसतो. जंगलालगतच्या खेड्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये? किल्ला पाहायला येणाऱ्या माणसाला एखाद्या रात्री किल्ला आणि आभाळ दोन्ही दाखवता आले तर गावाचंही भलं होईल.

आता पैशाचं बोलतो, कारण तुमच्यातले खजिनदार मघापासून माझ्याकडे बघत आहेत.

समजा सोळा मीटरचा हायमास्ट, त्याला २०० वॅटचे आठ फोकस. झाले १६०० वॅट. रात्रीचे अकरा तास धरले तर रोज १७.६ युनिट, महिन्याला ५२८. तो फाटकासमोरचं पटांगण उजळेल आणि वाट तशीच राहील. आता दुसरा हिशेब. फाटकापासून बसस्थानकाच्या रस्त्यापर्यंत साधारण दोनशे मीटरची वाट. पाच मीटरचे खांब, अंतर उंचीच्या तीन-साडेतीन पट, म्हणजे सोळा-सतरा मीटर. तेरा खांब झाले. प्रत्येकाला २५ वॅटचा, वरून झाकलेला, खाली तोंड असलेला पिवळसर दिवा. एकूण ३२५ वॅट, महिन्याला सुमारे १०७ युनिट. बिल पाचवा हिस्सा, आणि वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिसते.

बिलाचं महत्त्व सांगायला नको. पथदिव्यांची बिलं थकली म्हणून अख्ख्या गावाची रस्त्यावरची वीज तोडल्याचे प्रसंग आपल्या भागात सगळ्यांनी पाहिले आहेत. भेट देणारा फोटो काढून जातो आणि बिल मागं राहतं. जो दिवा परवडतो तोच पेटता राहतो.

दुरुस्तीचंही तसंच. हायमास्टचं कडं मोटारीनं खाली उतरवावं लागतं. ती मोटार किंवा तिची तार अडकली की मोठी क्रेन बोलवा. तोवर आठच्या आठ फोकस बंद. पाच मीटरच्या खांबाला शिडी लावून गावातला वायरमन अर्ध्या तासात दिवा बदलतो. आणि तेरांतला एक गेला तरी बारा चालू राहतात. मात्र दोन गोष्टींत काटकसर करू नका, प्रत्येक खांबाला नीट अर्थिंग आणि खांबाच्या बुडाशी वायरच्या पेटीला घट्ट झाकण. पावसाळ्यात ओल्या खांबाला लेकरू हात लावतं, हे लक्षात ठेवूनच काम झालं पाहिजे.

इथं एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. नुसत्या दिव्यानं रस्ता सुरक्षित होत नाही. निर्मनुष्य रस्ता कितीही उजळला तरी पोरगी तिथून जायला कचरते. संध्याकाळी ओट्यावर बसलेली चार माणसं, चहाची टपरी, उघडं किराणा दुकान हेही रस्त्याचे दिवेच असतात. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं आणि जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, बसायला जागा केल्या. तिथं संध्याकाळी माणसं रेंगाळतात, आणि ती रेंगाळतात म्हणून एकटी बाईही निवांत चालते. आपल्या वाटेवर तेरा खांबांबरोबर दोन सिमेंटचे बाक टाकले, उघड्या नालीवर फरशा टाकल्या, तर आजोबा तिथं येऊन बसतील. त्यांच्यासारखी राखण कुठला कॅमेरा करणार?

तेव्हा माझी सूचना अशी. जमलेल्या वर्गणीतून हायमास्टऐवजी ही वाट करू. खांब कुठं रोवायचे त्याचा आराखडा मी फुकट करून देतो, नगरपरिषदेची आणि महावितरणची परवानगी रीतसर घेऊ. खांबांवर आपली नावं नकोत. हवी तर प्रत्येक खांबाला एकेका गुरुजींचं, बाईंचं नाव देऊ. ज्यांनी आपल्याला वाट दाखवली त्यांना ते शोभेल.

आणि त्याआधी एक काम सगळ्यांनी मिळून करू. येत्या अमावास्येला रात्री आठ वाजता शाळेच्या फाटकाशी जमू. पौर्णिमेला नको, चंद्र आपली फसवणूक करतो. वाटेनं सावकाश चालू. चार गोष्टी बघायच्या. दिव्याकडे बघून डोळे मिटावेसे वाटतात का? चार मीटरवर उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येतो का? दोन खांबांच्या बरोबर मधे उभं राहून स्वतःच्या पायातली चप्पल दिसते का? आणि वळणावर, झाडाखाली, नालीपाशी उजेड आहे का? प्रत्येक खांबाचा क्रमांक आणि त्यापुढे अडचण वहीत लिहायची. ‘आमच्या भागात अंधार आहे’ असा अर्ज फाइलीत झोपतो. ‘अमुक क्रमांकाच्या खांबाचा दिवा आभाळाकडे वळला आहे’ असा अर्ज दिला की वायरमनला कुठं जायचं ते कळतं.

त्या फेरीला आपल्यातल्या किमान दोन मैत्रिणी आणि एक तरी गुरुजन असावेत असा माझा आग्रह आहे. तरुण पुरुषाच्या डोळ्यानं रस्ता पाहिला की तो नेहमी ठीकच दिसतो.

बाईंनी मघाशी विचारलं, “एवढं शिकून तू दिवेच लावतोस का रे?” हो बाई, दिवेच लावतो. पण ते कुणाच्या पायाशी लावायचे हे ठरवायलाच एवढं शिकावं लागलं, आणि त्याची सुरुवात तुमच्या वर्गात झाली.

अमावास्येला येणाऱ्यांनी जेवणाच्या रांगेत माझ्याकडे नाव द्या. टॉर्च आणू नका, वही मात्र आणा.